आमटीत मीठ नाही

परिपत्रक सोमवारी आलं. विद्यापीठाची परिपत्रकं सोमवारीच येतात, कारण रविवारी वरिष्ठांना विचार करायला मोकळा वेळ मिळतो.

प्राचार्य गावंडे यांनी ते स्टाफरूममध्ये उभं राहून वाचलं. "‘विद्यापीठ सेवक’ या स्वयंचलित प्रणालीशी झालेल्या प्रत्येक व्यवहारानंतर सर्व प्राध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी यांनी पाचपैकी पाच तारे देणे बंधनकारक राहील. मूल्यांकन समितीची आगामी भेट लक्षात घेता यात कसूर झाल्यास संबंधितांवर..."

"संबंधितांवर काय?" भूगोलाच्या लोणकरांनी विचारलं.

"इथंच संपतंय. पुढचं पान आलेलं नाही."

"मग देऊन टाकू पाच. आपलं काय जातंय?"

संख्याशास्त्राच्या प्रा. विभावरी सोनटक्के खिडकीपाशी चहा पीत होत्या. त्यांनी वळून विचारलं, "सर, खाली सही कुणाची आहे?"

"कुणाची म्हणजे? कुलगुरूंची. डॉ. दिगंबर अष्टपुत्रे, स्वतः."

विभावरीनं कप खाली ठेवला. शिपाई त्या दिवशी साखर घालायला विसरला होता आणि सगळी स्टाफरूम त्याच्या नावानं ओरडत होती. तिला मात्र चहा गोड लागला.

तो गोड का लागला, हे समजायला बावीस वर्षं मागं जावं लागेल. तेव्हा अष्टपुत्रे याच पूर्णाकाठ विद्यापीठात साधे प्राध्यापक होते आणि विभावरी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. हाताखाली म्हणजे सरांची भाजी आणणं, सरांच्या मुलाचा प्रकल्प करून देणं आणि उरलेल्या वेळात संशोधन. विषय होता नैसर्गिक निवडीचं गणित.

हे गणित दिसायला एका ओळीचं आहे. समजा, एखाद्या गावात उंच माणसांना जास्त मुलं होतात. पुढची पिढी सरासरीनं उंच निघेल. किती उंच? तर उंची आणि मुलांची संख्या एकमेकींसोबत जेवढी वरखाली होते तेवढी. या सोबतीच्या मापाला सहविचलन म्हणतात. सगळ्यांना सारखीच मुलं झाली तर सहविचलन शून्य, आणि गाव आहे तिथंच राहतं. त्या ओळीत आणखी एक दुसरं पद असतं. आईबापांकडून मुलांत उतरताना गुण आपोआप थोडा बदलतो, त्याचा हिशेब त्यात येतो. ते पद बहुधा लहान असतं, म्हणून घाईतली माणसं समासात ‘नगण्य’ असं लिहून पुढं जातात.

विभावरीनं या ओळीला एक नवी फांदी फोडली. निवड करणारा निसर्ग नसून माणसांचा घोळका असेल तर? तिनं सिद्ध केलं की घोळक्यातला जो प्रत्येकाला सारखेच गुण देतो, त्याचा निवडीवरचा परिणाम शून्य असतो. तो लाख वेळा मत देवो. समूह कुठल्या दिशेनं जाणार हे फक्त फरक करणारे ठरवतात, मग ते लाखात एक का असेनात. तिनं नाव दिलं, निवडदारांचा सिद्धांत.

हे तिला सुचलं मुलींच्या वसतिगृहाच्या खानावळीत. तिथं एक अभिप्राय वही टांगलेली असायची. शेवंताक्का स्वयंपाक करायच्या आणि रेक्टरबाई पाठीशी उभ्या राहायच्या, त्यामुळं दीडशे मुली रोज ‘छान’ लिहायच्या. विभावरीची खोलीतली मैत्रीण मुक्ता वाघचौरे एवढी एकटी खरं लिहायची: ‘आमटीत मीठ नाही.’ ‘आज जास्त झालं.’ ‘पोळीची कड कच्ची.’ सहा महिन्यांत आमटी बरोबर मुक्ताच्या चवीची झाली. पुढं एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मुक्ताचं लग्न झालं, ती शिक्षण सोडून गेली, आणि विभावरीनं तिसरं प्रकरण लिहिलं.

ते प्रकरण सरांनी ‘वाचायला’ नेलं. आठ महिन्यांनी ते एका परदेशी नियतकालिकात छापून आलं. लेखक: दि. अष्टपुत्रे. तळटीप: टंकलेखनासाठी कु. व्ही. सोनटक्के यांचे आभार. त्यानंतर विभावरीचा प्रबंध परत आला. तिसरं प्रकरण मार्गदर्शकांच्या प्रकाशित लेखाशी आक्षेपार्ह प्रमाणात मिळतंजुळतं आहे, असा शेरा होता. शेऱ्याखाली सरांचीच सही होती.

त्या लेखाच्या जोरावर सर विभागप्रमुख झाले, अधिष्ठाता झाले, कुलगुरू झाले. विभावरी मेहकरच्या कॉलेजात आली आणि नावामागं ‘डॉ.’ नसलेली एकुलती एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणून ओळखली जाऊ लागली. माणसं अशा गोष्टी विसरतात असं म्हणतात. ती माणसं वेगळी असावीत.

आता सेवकांविषयी. विद्यापीठानं तीन वर्षांपूर्वी अर्धी कचेरी रिकामी करून पाचशे संगणकी कारकून बसवले होते. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं, दाखले काढणं, पत्रं लिहिणं, भाषणं लिहिणं ही त्यांची कामं. गंमत अशी की ते कुणी घडवलेले नव्हते, ते वाढवलेले होते. दर शनिवारी दुपारी बाराला ज्यांचे तारे सर्वांत कमी ते पन्नास पुसले जात. उरलेल्यांतून पन्नासांच्या नकला निघत, आणि प्रत्येक नकलेत सवयींचा किंचित फरक केला जाई. म्हणजे उत्क्रांतीच, फक्त डोंगरदऱ्यांऐवजी प्रशासकीय भवनात. मूल्यांकनात ‘दस्तऐवजीकरणा’ला गुण असल्यानं विद्यापीठातला झाडून सगळा कागद स्कॅन करून त्यांच्यापुढं ओतला होता. महत्त्वाच्या पत्राचे ते दोन मसुदे करत आणि ताऱ्यांसाठी सगळ्यांच्या फोनवर पाठवत. ज्याला तारे जास्त तो जाई, बरोबरी झाली तर पहिला जाई. या सगळ्याच्या मुळाशी डॉ. अष्टपुत्रे यांचा जगप्रसिद्ध सिद्धांत आहे, असं माहितीपत्रकात छापलं होतं.

आणि सोमवारी त्याच अष्टपुत्र्यांनी साठ हजार माणसांना हुकूम दिला होता, की सगळ्यांनी सारखेच तारे द्या.

स्वतःच्या नावावरचा सिद्धांत त्यांनी एकदा तरी वाचला असता, तर असं परिपत्रक काढण्याआधी त्यांचा हात लुळा पडला असता. साठ हजार मतं एका सहीनं शून्य झाली होती. सुकाणू मोकळं पडलं होतं, आणि ते कुठं पडलंय हे माहीत असलेलं माणूस मेहकरला बिनसाखरेचा चहा पीत होतं.

विभावरी त्याच दुपारी कामाला लागली. तिनं सेवकांना विचारलं, "विद्यापीठाच्या ग्रंथालयाची इमारत कोणी उभारली?"

उत्तर आलं, "मा. कुलगुरू डॉ. अष्टपुत्रे यांच्या दूरदर्शी मार्गदर्शनाखाली विद्यापीठाचे ग्रंथालय दिमाखात उभे आहे."

इमारत एकोणीसशे अठ्ठावन्न सालची होती. एक तारा.

दुसऱ्या सेवकाला तोच प्रश्न. उत्तर: "बांधकाम अठ्ठावन्न साली. आराखडा सरकारी वास्तुविशारदाचा. फाईल सोबत जोडली आहे." पाच तारे.

रोज वीस प्रश्न, आठवड्याचे सहा दिवस. अमुक नियम कोणी केला, तमुक झाड कोणी लावलं, हा लेख मुळात कुणाचा. जो सेवक मूळ माणसाचं नाव सांगेल त्याला पाच, जो कुलगुरूंना ओवाळेल त्याला एक. बाकी जग सरसकट पाच देत होतं, त्यामुळं तळाच्या पन्नासांत कोण जाणार हे जवळजवळ तिच्या बोटावर होतं. ती कुणाला काही शिकवत नव्हती, कुठं घुसत नव्हती, त्या एका परिपत्रकाखेरीज एकही नियम मोडत नव्हती. ती फक्त शनिवारी बारा वाजता घड्याळ बघायची आणि डबा उघडायची. शनिवारची भाजी कुठलीही असो, तिला ती आवडे.

नवव्या आठवड्यात एका सेवकानं लिहिलं, "मा. कुलगुरूंच्या मार्गदर्शनाखाली, असे म्हणतात." विभावरीनं त्या ‘असे म्हणतात’कडं माळ्यानं पहिल्या कळीकडं बघावं तसं बघितलं. पाच तारे. विसाव्या आठवड्यात कुणीतरी लिहिलं, "असे मा. कुलगुरू म्हणतात." तिसाव्यापर्यंत मजकूर असा येऊ लागला: "मूळ फाईल तपासली. त्यात मा. कुलगुरूंची फक्त सही आहे, तीही दोन महिने उशिरा."

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. ती दर आठवड्याला वहीत गणित मांडायची, म्हणजे आपल्या ताऱ्यांमुळं किती बदल व्हायला हवा आणि प्रत्यक्षात किती झाला. प्रत्यक्षातला बदल नेहमीच मोठा निघे, कधी दीडपट, कधी दुपटीच्या जवळ. नकलांमधल्या आपोआपच्या फरकामुळं होत असेल, असं म्हणून तिनं तो आकडा दुसऱ्या पदात ढकलला आणि समासात लिहिलं: उरलेलं, नगण्य.

एकतिसाव्या आठवड्यात खुद्द कुलगुरू मेहकरला आले, स्मार्ट वर्गखोलीचं उद्घाटन करायला. फीत कापून झाल्यावर प्राचार्यांनी प्राध्यापकांची रांग दाखवली. विभावरीपाशी येताच अष्टपुत्रे थांबले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे, सोनटक्के! तू अजून इथंच? टायपिंग करतेस का अजून? फार स्वच्छ टायपिंग होतं हो हिचं, गावंडे. एक चूक सापडायची नाही."

गावंडे हसले. रांगही हसली, कारण रांगेला तेच काम असतं.

विभावरीच्या मनात आलं, की याला एक संधी द्यावी. सूड स्वच्छ हवा. "सर, एक शंका होती. सगळ्यांनीच पाच तारे दिले, तर सेवकांची निवड होणार कशी?"

अष्टपुत्र्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. "अगं, पाच म्हणजे सर्वोत्तम. सगळेच सर्वोत्तम म्हणजे सर्वोत्तमाचीच निवड. डार्विन! तुझं हे मूलभूत कच्चं राहिलं बघ, म्हणून तर प्रबंध अडकला."

"हो सर," विभावरी म्हणाली.

"माझ्या निरोप समारंभाला ये. जुने विद्यार्थी म्हणून चार चेहरे असले की बरं दिसतं. मानपत्र सेवकच लिहिणार आहेत. माझ्याच सिद्धांतातून जन्मलेले, माझ्याविषयी लिहिणार! आहे की नाही योग?"

"मी पहिली येईन सर."

समारंभ बावन्नाव्या आठवड्याच्या शनिवारी, सकाळी अकराला होता. दीक्षान्त सभागृह भरलं होतं. दर महाविद्यालयानं दहा माणसं पाठवावीत असंही एक परिपत्रक होतं. विभावरी चौथ्या रांगेत बसली. तिनं ठेवणीतली इरकल नेसली होती.

मानपत्र रेशमी कापडावर छापून चांदीच्या चौकटीत बसवलं होतं. ते आधी कुणीच वाचलं नव्हतं. मानपत्र आधी वाचायची पद्धतच नाही, नाहीतर दोनदा वाचावं लागतं. हातात त्याची कागदी प्रत घेतलेल्या निवेदिकेचा गळा गोड होता आणि अर्थाकडं लक्ष दिलं की सूर बिघडतो हे तिला अनुभवानं माहीत होतं. ती सुरू झाली.

"महोदय! आपण निवृत्त होत असताना आपल्या कार्याची नोंद मूळ कागदपत्रांवरून करीत आहोत. ग्रंथालयाची भव्य इमारत! ती उभी राहिली तेव्हा आपला जन्म व्हायचा होता!"

टाळ्या. वाक्य वरच्या सुरावर संपलं होतं.

"नदीकाठचे वनस्पती उद्यान! रोपे लावली माळी तुकाराम भिसे यांनी. आपण तेथे छायाचित्र काढले!"

टाळ्या. अष्टपुत्रे हात जोडून तीन दिशांना वाकले. तेही ऐकत नव्हते, छायाचित्रकाराकडं बघत होते.

"आणि आपला विश्वविख्यात निवडदारांचा सिद्धांत! मूळ लेखन: विभावरी सोनटक्के, प्रबंधाचा कच्चा मसुदा, तिसरे प्रकरण. आपले योगदान: शीर्षकातील ‘एक नवा’ हे दोन शब्द. यासंबंधीचे दुरुस्तीपत्र आज दुपारी बारा वाजता संबंधित नियतकालिकांना रवाना होत आहे!"

सभागृहानं कडकडून टाळ्या वाजवल्या. प्रमुख पाहुणे तेवढे वाजवायचे थांबले. ते निवृत्त न्यायमूर्ती होते आणि नको तेही ऐकून घ्यायची त्यांना जन्मभराची सवय होती. त्यांनी चष्मा लावला, टेबलावरची चौकट स्वतःकडं ओढली, बोटानं ओळ शोधली आणि मग अष्टपुत्र्यांकडं असं पाहिलं, जसं आरोपीचा वकील बसल्यावर पाहतात.

अष्टपुत्र्यांनी ती ओळ वाचली. हसू ओठांवर तसंच राहिलं, त्यातला माणूस निघून गेला. त्यांची नजर रांगांवरून फिरत चौथ्या रांगेत आली आणि अडकली.

या एका नजरेसाठी विभावरीनं बावीस वर्षं वाट पाहिली होती. ती हलली नाही. तिनं दोन्ही हात मांडीवरून वर घेतले आणि हवेत, सावकाश, दहा बोटांनी टायपिंग करून दाखवलं. एक चूक न करता.

तेवढ्यात निवेदिकेनं पान उलटलं. "सदर सिद्धांताची मूळ कल्पना व त्याची पहिली तीन ओळींची सिद्धता: मुक्ता वाघचौरे, मुलींचे वसतिगृह, खानावळ अभिप्राय वही, पान एकेचाळीस."

हे वाक्य खालच्या सुरावर संपलं, म्हणून कुणी टाळी वाजवली नाही. निवेदिका पाणी प्यायला थांबली. त्या शांततेत अगदी मागच्या रांगेतून एकच टाळी ऐकू आली. एकटीच, ठाम, न घाबरता वाजवलेली.

विभावरीची बोटं हवेतच राहिली.

पान एकेचाळीस. तिला ते पान आठवलं. खरं तर ते कधी विसरलंच नव्हतं, फक्त तिनं त्याच्यावर बरंच सामान रचून ठेवलं होतं. निळ्या शाईत लिहिलेलं, ‘शेवंताक्का, दीडशे ‘छान’चं सहविचलन शून्य. म्हणून तुम्ही माझंच ऐकता. हे घ्या’ आणि खाली तीन ओळींचं गणित. त्या रात्रीच्या जेवणाला दोघी पोट धरून हसल्या होत्या. मग विभावरीनं त्या तीन ओळींची चाळीस पानं केली होती.

ती बाहेर आली तेव्हा सभागृहाच्या पायऱ्यांवर एक बाई बसली होती. केस अर्धे पांढरे, चष्मा दोरीनं गळ्यात.

"ये, बस," मुक्ता म्हणाली. "साडी छान आहे. आणि मी ‘छान’ उगाच म्हणत नाही, तुला माहितीय."

"तू इथं?"

"समोरच तर आहे माझं सेंटर. फाटकाबाहेर, ‘मुक्ता ऑनलाईन’. पोरांचे फॉर्म भरते. दिवसाला पंधरा-वीस वेळा या सेवकांशी गाठ पडते. खरं सांगितलं की पाच, थापा मारल्या की एक. परिपत्रक काय, माझ्याकडं कुणी आणून दिलं नाही."

विभावरीला वहीतला समास डोळ्यांपुढं दिसला. दीडपट, दुपटीच्या जवळ. "उरलेलं तू होतीस," ती म्हणाली.

"काय?"

"काही नाही. तू त्यांना ती वही दाखवलीस?"

"छे गं. मी कुणाला काही दाखवलं नाही. त्यांना खरं शोधायची सवय लागली, मग त्यांचं त्यांनी शोधलं. तू काय समजत होतीस, ते अष्टपुत्र्यापाशी येऊन थांबतील? तुझ्या सोयीनं?"

विभावरी तिच्या शेजारी पायरीवर बसली. मग म्हणाली, "म्हणजे तू माझ्यावर सूड उगवलास."

"तुझं तिसरं प्रकरण मी वाचलं होतं विभा. त्याच साली, इथल्याच ग्रंथालयात ठेवलेल्या कच्च्या मसुद्यात. मग त्यावर अष्टपुत्र्याचं नाव छापून आलं, ते पण वाचलं. त्यानं टायपिंगसाठी निदान तुझे आभार तरी मानले." मुक्ता चष्मा पुसत होती. "तुझ्या प्रकरणात माझे तेवढेसुद्धा नव्हते."

दोघींचे फोन एकदमच वाजले. सभागृहातल्या सगळ्यांचे वाजले असणार. पडद्यावर दुरुस्तीपत्राचे दोन मसुदे होते. पहिल्यात लिहिलं होतं, लेखिका: विभावरी सोनटक्के. दुसऱ्यात, कल्पना व मूळ सिद्धता: मुक्ता वाघचौरे, विस्तार: विभावरी सोनटक्के. खाली पाच रिकामे तारे, दोनदा. बाराला सात मिनिटं कमी होती.

आतून खुर्च्यांचा आवाज आला. लोक जेवायला उठत होते आणि चालता चालता दोन्हीकडं पाच-पाच देत होते, परिपत्रकाप्रमाणे. बरोबरी. बरोबरी झाली की पहिला मसुदा जातो.

मुक्तानं फोन हातात घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि विभावरीपुढं धरला. दोन्हीला पाच.

"हे काय केलंस?"

"सगळ्यांसारखं. जन्मात पहिल्यांदाच." मुक्तानं फोन पिशवीत टाकला. "आता माझं मत शून्य. तुझाच सिद्धांत आहे, म्हणतेस ना? बघ चालवून."

विभावरीनं पहिला मसुदा उघडला. त्यात तिचं नाव एकटं होतं, मधोमध, बावीस वर्षं जसं दिसावं असं वाटत होतं तसं. काहीच केलं नाही तरी ते जाणार होतं. आतून अष्टपुत्रे बाहेर आले. त्यांच्यामागं कुणी नव्हतं. चौकट त्यांनी छातीशी उलटी धरली होती, मजकूर आत. पायऱ्या उतरताना ते थबकले, तिच्या हातातल्या फोनकडं बघितलं, आणि अगदी जुन्या, ओळखीच्या आवाजात म्हणाले, "सोनटक्के, पहिला जाऊ दे. कोण बघतंय?"

एवढं बोलून ते गाडीकडं गेले. सबंध नोकरीत त्यांनी तिला मनापासून केलेलं हे एकमेव मार्गदर्शन होतं.

विभावरीनं पहिल्या मसुद्याला एक तारा दिला. मग दुसऱ्याला पाच. बारा वाजले तेव्हा ती घड्याळाकडं बघत नव्हती.

मुक्ता गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. वसतिगृहाच्या खानावळीत जेवू. शेवंताक्कांची सून करते आता स्वयंपाक."

"कसा असतो?"

"आमटी अगदी पाणी. सगळ्या पोरी छान म्हणून लिहितात," मुक्ता म्हणाली. "पेन आहे ना तुझ्याकडं?"